पोटाचा आजार आणि ताटातलं उत्तर : आहारशास्त्रज्ञ पेशंटपर्यंत कसा पोचतो?

(शिरूर आणि दौंड इथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. दोन्ही वक्त्या आहारशास्त्रात काम करतात.)

आम्ही दोघी आज तुमच्यापुढे उभ्या आहोत. आमच्यातली एक प्रयोगशाळेत वाढली आणि एक हॉस्पिटलच्या वॉर्डात. पण आमचा विषय एकच आहे : माणूस जे खातो ते त्याच्या आतड्यात गेल्यावर काय होतं, आणि आतडं आजारी असेल तर ताटात काय बदलायचं.

आमचा व्यवसाय सांगितला की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "वजन कमी करायला काय खाऊ?" आणि दुसरा, "बारावीनंतर याच्यात काही करिअर आहे का हो?" पहिल्याचं उत्तर आज देणार नाही. दुसऱ्याचं देणार आहोत, पण जरा लांबून. कारण कोर्सची नावं आणि फीचे आकडे तुम्हाला मोबाइलवर मिळतील. या कामात नेमकं काय करावं लागतं, आणि ते चुकलं तर कुणाचं काय बिघडतं, हे मात्र तिथे सापडत नाही.

आमची चूक

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातली एक अकरा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. वर्गात सगळ्यांत बुटकी, पोट फुगलेलं, वारंवार जुलाब, आणि रक्त कायम कमी. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं. आई म्हणाली, "ताई, जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, नजरसुद्धा उतरवून झाली."

तपासण्या झाल्या. रक्तात टीटीजी नावाच्या प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं होतं, आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावर नक्की झालं : सीलिॲक. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला चालत नव्हतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यातून अन्न रक्तात जातं. सीलिॲकमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्लुटेनवर भडकते आणि त्यात हे उंचवटे झडून सपाट होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि या आजारात नेमका तोच भाग जास्त बिघडतो. मग गोळ्या कितीही द्या, त्या आत जाणार कुठून?

आम्ही तिला आहार लिहून दिला. गहू, मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, पाव बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी चालू. आम्हाला वाटलं, आपल्या भागात हे किती सोपं! भाकरीचाच तर मुलूख आहे. मुलगी भाकरी खाईल आणि बरी होईल.

चार महिन्यांनी ती परत आली. थोडा फरक होता, पण जुलाब चालूच आणि टीटीजी अजून चढलेलं. आम्ही आईला जरा कडक आवाजातच विचारलं, "चोरून बिस्किट खाते का?" मुलगी रडायला लागली. आई म्हणाली, "शप्पथ घेऊन सांगते ताई, घरात गव्हाचा दाणा नाही ठेवला. सगळ्यांनी भाकरी सुरू केली तिच्यासाठी."

खरं बोलत होती ती बाई. चूक आमची होती. दळण कुठून येतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

गिरणीत डबे रांगेत असतात. आधीच्याचा गहू दळून झाला की त्याच जात्यात पुढच्याची ज्वारी पडते. पाळूला आणि पिठाच्या पिशवीला चिकटलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं. आपल्याला त्याने काहीच होत नाही. पण भारतात ज्या पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं, त्यात ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आतच असावं लागतं. किलोत 20 मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. गव्हानंतर दळलेली ज्वारी त्या मर्यादेत बसेल, असा भरवसा कुणीच देऊ शकत नाही.

शेवटी उपाय आजीनेच काढला. माळ्यावरचं डाळी भरडायचं जुनं जातं खाली आलं, स्वच्छ धुऊन वाळवलं, आणि त्याच्यावर फक्त नातीचं दळण. पुढे त्यांनी घरघंटी घेतली. परात, तवा आणि पिठाचा डबा तिचा वेगळा. आम्ही आणखी एक गोष्ट शोधून दिली. फोडणीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो, तो बंद केला. सातूचं पीठही बंद, कारण त्यात गहू किंवा जव असतात आणि जवातही तसंच प्रथिन असतं. आठ महिन्यांत तिचा रक्ताचा आकडा वर आला आणि उंची वाढायला लागली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आमच्या कामाचं खरं रूप यातच आहे. ग्लुटेन म्हणजे काय, हे पुस्तकात होतं. गिरणी पुस्तकात नव्हती.

भाकरी आणि आजार पहिल्यांदा कुणी जोडले?

आता मागे जाऊ या. हा आजार गव्हामुळे होतो, हे जगाला कसं कळलं? त्यात एका आईचा वाटा आहे.

नेदरलँड्समध्ये हेग शहरात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. 1930च्या दशकात एका तरुण आईने त्यांना सांगितलं, की पाव बंद केला की माझ्या मुलाला बरं वाटतं. त्या काळी या आजाराला केळ्यांचा आहार देत. अमेरिकेत सिडनी हास यांनी तो 1924मध्ये मांडला होता. मुलं त्यावर सुधारत, पण का, ते कुणाला माहीत नव्हतं. खरं तर केळ्यात जादू नव्हती, केळी खाताना पाव सुटत होता. डिके यांनी आईचं बोलणं बाजूला टाकलं नाही. त्यांनी गहू काढून आणि परत देऊन पाहायला सुरुवात केली.

1944-45च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँड्समध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. अशा वेळी ही आजारी मुलं इतरांसारखी ढासळली नाहीत. पाव परत आल्यावर त्यांचा आजारही परत आला. पण डॉक्टरांना नुसतं वाटून भागत नाही. व्हॅन दे कामर या रसायनशास्त्रज्ञाने शौचातली चरबी मोजायची पद्धत काढली. गहू दिला की चरबी न पचता बाहेर पडते, गहू थांबवला की ती घटते, हे आकड्यांत दिसलं. 1950मध्ये डिके यांनी उट्रेक्ट विद्यापीठात यावर प्रबंध दिला.

मुलांनो, यात क्रम बघा. आधी आईचं निरीक्षण. मग डॉक्टरचा संशय. मग रसायनशास्त्रज्ञाचं मोजमाप. तिन्ही लागले. एकही कमी असता तर काम अर्धंच राहिलं असतं.

आपल्याकडची एक वाट

आता आपल्याकडे या. कमला सोहोनी हे नाव कुणी ऐकलंय? हात वर करा... चार. ठीक आहे.

माहेरच्या त्या कमला भागवत, जन्म 1911चा, इंदूरचा. मुंबई विद्यापीठातून 1933मध्ये पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष अटींवर, म्हणजे आधी काम बघू मग ठरवू, असा प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध, कडधान्यं आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला गेल्या आणि 1939मध्ये पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर काही काळ कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत.

त्यांच्या कामातला आपल्या पोटाशी जोडलेला भाग असा : कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात. ट्रिप्सिन हे आपल्या पोटात प्रथिनं तोडणारं विकर. ते अडलं की प्रथिन पचत नाही. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांत हे पदार्थ शोधले आणि वेगळे काढले. कडधान्य भिजवून नीट शिजवलं की त्यांचा जोर बराच कमी होतो. आपली आजी वाल रात्रभर भिजत घालून, मोड आणून, मऊ शिजवते त्यामागचं एक कारण हे आहे. नीरेवरही त्यांनी काम केलं. नीरा दिल्यावर कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर बायांच्या तब्येतीत सुधारणा दिसली होती.

सोहोनी काही पेशंट तपासत नव्हत्या. पण त्यांनी प्रश्न निवडले ते लोकांच्या स्वयंपाकघरातले. प्रयोगशाळेतून पेशंटकडे जायची आमची वाट तिथूनच सुरू होते.

पेशंटच आहारतज्ज्ञ झाली

तिसरी वाट ऑस्ट्रेलियाची. स्यू शेफर्ड या आहारतज्ज्ञ. त्यांना स्वतःला सीलिॲक आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पेशंटना मात्र सीलिॲक नव्हतं, तरी पोट फुगायचं, दुखायचं, कधी जुलाब कधी मलावरोध. तपासण्या सगळ्या नॉर्मल. याला आयबीएस म्हणतात. आपल्याकडे अशा माणसाला घरचेसुद्धा म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत."

शेफर्ड यांनी मोनाश विद्यापीठात प्रोफेसर पीटर गिब्सन यांच्याबरोबर संशोधन केलं. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा आणि छोटी कर्बोदकं असतात. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन, डाळी-कडधान्यातल्या साखरा, दुधातलं लॅक्टोज वगैरे. ती आतड्यात पाणी ओढतात, आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. सगळ्यांच्याच पोटात हे होतं. आयबीएसवाल्याचं आतडं जास्त संवेदनशील असतं, म्हणून त्याला दुखतं. या सगळ्या पदार्थांना मिळून 2005मध्ये फॉडमॅप असं नाव पडलं.

2014मध्ये त्याच गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आयबीएसच्या 30 पेशंटना 21 दिवस कमी फॉडमॅपचं जेवण आणि 21 दिवस नेहमीसारखं जेवण, दोन्ही तयार करून दिली. 100 मिलिमीटरच्या पट्टीवर त्रास किती ते पेशंटने खूण करायची. नेहमीच्या जेवणावर सरासरी 44.9, कमी फॉडमॅपवर 22.8. म्हणजे जवळजवळ निम्मा. मनाचे खेळ म्हणून हिणवलेल्या माणसाचा त्रास पट्टीवर मोजता आला.

आता शिरूरकर, तुम्ही हसू नका, पण कांद्याच्या पट्ट्यात बसून कांदा बंद करा म्हणायची आमची वेळ येते. शिरूर भागातले एक कांदा उत्पादक काका आमच्याकडे आले होते. इंटरनेटवर यादी वाचून त्यांनी कांदा, लसूण, डाळ, दूध, गहू सगळं सोडलं होतं, तेही वर्षभर. पोट जरा शांत झालं, पण नऊ किलो वजन गेलं आणि चालताना धाप लागायला लागली.

हा आहार कायमचा नसतोच. दोन ते सहा आठवडे कमी करायचं, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचं, आणि जो सोसतो तो ठेवायचा. काकांना तूरडाळीचं वरण आणि ताक सोसलं, कच्चा कांदा नाही सोसला. चवीसाठी एक साधी युक्ती : फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची. वास लसणाचा, त्रास नाही. आमटीत लसूण उकळून काढला तर मात्र उपयोग नाही, कारण तो पाण्यात उतरला. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. ही युक्ती काकूंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच होतं तर वर्षभर घरात बेचव का खायला घातलं यांनी?"

आपल्या तालुक्यात काय चाललंय

तुम्हाला वाटत असेल, संशोधन म्हणजे केंब्रिज आणि ऑस्ट्रेलिया. तसं नाही. तुमच्या शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक घ्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. पुढे तिथे संशोधनाचं केंद्र झालं. लहान मुलांना रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांवरच्या रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी झाली. एकूण 6,799 बाळं होती. पहिल्या वर्षात गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळालं. 2016पासून ती लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. शिरूर तालुक्यातल्या आयांनी आपली बाळं त्या अभ्यासात आणली, म्हणून देशभरातल्या बाळांच्या आतड्याचं रक्षण होतंय. हे तुम्हाला शाळेत सांगितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. भारतात तीन भागांत 23,331 प्रौढांची सीलिॲकसाठी तपासणी झाली होती, ती 2016मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरेत प्रमाण 1.23 टक्के, दक्षिणेत 0.10. आजाराला लागणारी जनुकं सगळीकडेच आहेत, पण गव्हाचं प्रमाण वेगळं. आपण मध्ये बसतो. आमच्या आज्यांच्या काळात इथे पोळी सणाला व्हायची, रोजची बाजरी किंवा ज्वारी. आज रेशनचा गहू, डब्यात पोळी, टपरीवर वडापाव, मुलांच्या हातात बिस्किट. म्हणून 'हा उत्तरेचा आजार' असं म्हणून सोडून देता येणार नाही. रक्त वाढत नाही, उंची वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, अशा मुलाची टीटीजी तपासणी व्हायला हवी. आणि कृपा करून लक्षात ठेवा : तपासणीच्या आधी गहू बंद करायचा नाही. बंद केला की प्रतिपिंडं उतरतात, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो, आणि आजार लपून बसतो.

मग बारावीनंतर काय?

आता पालक ज्याची वाट बघतायत ते. बारावी विज्ञान, मग पोषण आणि आहारशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटी आहे, मुंबईत गृहविज्ञानाची जुनी कॉलेजं आहेत, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. नंतर हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा. ती पास झालात की नोंदणीकृत आहारतज्ज्ञ. 2021च्या केंद्राच्या कायद्याने आहारतज्ज्ञांचा संलग्न आरोग्य व्यावसायिकांत समावेशही झाला आहे. त्यानंतर कुणी पोटविकार विभागात जातं, कुणी पीएच.डी. करतं.

दौंडच्या मुलांना पुण्याला जायला रेल्वे आहे, शिरूरच्यांना पुणे-नगर रस्ता आणि एसटी. हे आम्ही गमतीने सांगत नाही. रोज अप-डाऊन करून शिकलेल्या मुली आमच्या ओळखीच्या आहेत. प्रश्न शिकायला जाण्याचा नाही, परत येण्याचा आहे. जिला गिरणी माहीत आहे, घरघंटी माहीत आहे, रेशनला काय मिळतं आणि ऊसतोडीच्या टोळीत स्वयंपाक कसा होतो ते माहीत आहे, अशी आहारतज्ज्ञ तालुक्यात बसली पाहिजे. आम्ही चार महिने घालवले, ती मुलगी पहिल्याच दिवशी विचारेल, "दळण कुठून आणता, मावशी?"

श्रोत्यांचे प्रश्न

*सारखे जुलाब होतात, तर सरळ गहू बंद करून बघू का?*

नाही काका. आधी डॉक्टर. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर ताटाशी खेळायचं नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही होतो आणि तो क्रोन्स या आजारासारखा हुबेहूब दिसतो. त्याला औषधच लागतं, पथ्य नाही.

*सीलिॲक असेल तर सणावाराला मुलीने काय खायचं?*

ताई, उपवासाचं फराळ आठवा. राजगिरा, वरई, साबुदाणा, शेंगदाणे, रताळं. यातल्या कशातच ग्लुटेन नाही, फक्त दळण आणि भांडी वेगळी हवीत. पुरणाची पोळी तिला चालणार नाही, पण नुसतं पुरण वाटीत तूप घालून द्या. ती अकरा वर्षांची मुलगी आम्हाला तेच म्हणाली होती, "मला पुरणच आवडतं, पोळी आईसाठी खायचे."

वेळ संपली आहे. प्रश्न उरले असतील तर खाली थांबतो आहोत, या.